गर्भारपण, कंबरदुखी आणि तोल

(शॉमबर्ग, इलिनॉय येथे संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आपल्या संमेलनात डॉक्टर बोलावयास उभा राहिला की हृदयविकार किंवा मधुमेह यांवर बोलणार, असे आपण गृहीत धरतो. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु या वर्षी महिला मंडळाच्या भगिनींनी माझ्यापुढे वेगळा विषय ठेवला : गर्भारपणातील कंबरदुखी आणि तोल जाणे. हा विषय व्यासपीठावरून बोलण्याइतका मोठा आहे काय, असे आपणांपैकी काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर देण्यासाठी मी प्रथम माझ्या आईविषयी दोन शब्द सांगते.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या गावाजवळ खडी फोडण्याचे काम निघाले होते. आई तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. भाकरी फडक्यात बांधून ती दिवस उजाडण्याआधी निघे आणि दिवसभर हातोडा चालवी. पुढे मी वैद्यकीय शिक्षण घेत असताना एकदा तिला विचारले, "आई, त्या दिवसांत तुझी कंबर दुखत नव्हती का?" ती म्हणाली, "दुखायची की. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून कमरेला घट्ट आवळायची मी. बसून राहिले असते तर हजेरी बुडाली असती." इतके बोलून ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. आपल्या दुखण्याविषयी कोणी विचारावे, याचेच तिला नवल वाटले होते.

आपणां बहुतेकांच्या आया आणि आज्या अशाच होत्या. त्यांनी दुखणे बोलून दाखविले नाही, कारण ऐकणारे कोणी नव्हते. आज परिस्थिती पालटली आहे, पण न बोलण्याची सवय मात्र आपल्याबरोबर समुद्र ओलांडून आली आहे. म्हणून हा विषय.

प्रथम हे दुखणे का होते ते समजून घेऊ. गर्भवती स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींना केव्हा ना केव्हा कंबरदुखी होते. तेव्हा ज्या भगिनीला ती होते तिची प्रकृती नाजूक आहे किंवा तिला कामाची सवय नाही, असे मानण्यास काही आधार नाही. मूळ वजन योग्य असलेल्या स्त्रीचे वजन नऊ महिन्यांत साधारणतः ११ ते १६ किलो वाढणे अपेक्षित असते. बाळ, वार, गर्भजल, वाढलेले गर्भाशय आणि वाढलेले रक्त यांपैकी बरेचसे वजन शरीराच्या पुढच्या बाजूस येते. त्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो. डोक्यावर हंडा घेऊन चालणारी स्त्री मान आणि पाठ एका विशिष्ट रीतीने ताठ धरते. तशीच गर्भवती स्त्री नकळत खांदे मागे नेते आणि कमरेचा बाक वाढविते. तोल सांभाळला जातो, पण त्याची किंमत कमरेचे स्नायू आणि मणक्यांचे सांधे मोजतात.

याविषयी एक संशोधन मोठे उद्बोधक आहे. २००७ साली व्हिटकम, शापिरो आणि लिबरमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की, कमरेचा बाक पुरुषांमध्ये दोन मणक्यांवर आधारलेला असतो, तर स्त्रियांमध्ये तो तीन मणक्यांवर विभागलेला असतो. मनुष्यप्राणी दोन पायांवर उभा राहिला तेव्हापासून पोटात मूल घेऊन चालणाऱ्या स्त्रीसाठी निसर्गाने केलेली ही तरतूद आहे. लाखो वर्षांपूर्वीच्या आपल्या पूर्वजांच्या अवशेषांतही तिच्या खुणा सापडतात. दोन मणक्यांवरचा भार निसर्गाने तीन मणक्यांवर वाटून दिला. निसर्गाला जे कळले ते कुटुंबाला कळण्यास अडचण नसावी.

दुसरे कारण संप्रेरकांचे. या काळात रिलॅक्सिन व इतर संप्रेरकांमुळे कटिभागातील हाडांना जोडून ठेवणारे अस्थिबंध सैल होतात. बाळाला वाट मिळावी म्हणून ते आवश्यकच असते. परंतु सांधे सैल झाले की त्यांना धरून ठेवण्याचे काम स्नायूंवर पडते, आणि पोटाचे स्नायू तर आधीच ताणलेले असतात.

येथे दोन प्रकारच्या दुखण्यांतील फरक लक्षात घ्यावा. एक दुखणे बेंबीच्या पातळीच्या मागे, कमरेत असते. फार वेळ उभे राहिल्याने किंवा वाकल्याने ते वाढते. दुसरे त्याच्या खाली, नितंबांच्या वरच्या भागात एका किंवा दोन्ही बाजूंना, किंवा पुढे जांघांच्या मधल्या हाडात असते. कुशीवर वळताना, जिना चढताना, गाडीतून उतरताना, एका पायावर उभे राहून सलवार घालताना ते कळ मारते. हे दुसरे दुखणे कटिभागाच्या सांध्यांचे असते आणि सुमारे पाच गर्भवतींपैकी एकीला ते होते. दोन्हींचे उपाय काहीसे वेगळे आहेत. म्हणून "कंबर दुखते" एवढेच न सांगता नेमके कोठे आणि केव्हा दुखते, ते डॉक्टरांना बोट ठेवून दाखवावे.

आता तोलाविषयी. गुरुत्वमध्य सरकलेला, सांधे सैल, पावले सुजलेली आणि किंचित सपाट झालेली, आणि पोटामुळे स्वतःची पावलेही न दिसणारी, अशा स्थितीत स्त्री चालत असते. एकदम उठल्यास रक्तदाब उतरून भोवळ येते, आणि रक्तक्षय असल्यास ती अधिक येते. ओहायो राज्यातील संशोधकांनी सुमारे चार हजार मातांची माहिती घेऊन २०१० साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यानुसार त्यांतील २७ टक्के स्त्रिया गर्भारपणात एकदा तरी पडल्या होत्या. वृद्ध माणसे पडू नयेत म्हणून आपण न्हाणीघरात दांडी बसवितो आणि जिन्यात दिवा लावतो. गर्भवती सुनेसाठी तेवढी काळजी आपण क्वचितच घेतो.

काही वर्षांपूर्वीची एक हकिकत सांगते. जानेवारी महिना होता. आपल्या समाजातील एका तरुण भगिनीचा मला रात्री दूरध्वनी आला. तिला सातवा महिना होता. ती म्हणाली, "डॉक्टरताई, सकाळी पार्किंगमध्ये बर्फावरून घसरून पडले. पण बाळ हलतंय, म्हणून कुणाला सांगितलं नाही." मी तिला तत्काळ रुग्णालयात जाण्यास सांगितले. तेथे बाळाच्या हृदयाचे ठोके काही तास यंत्रावर पाहिले गेले. तिचा रक्तगट आर.एच. निगेटिव्ह असल्याने तिला आवश्यक ते इंजेक्शनही मिळाले. माय-लेकरू दोघेही सुखरूप राहिले. पुढे बोलण्यात आले की दोन महिन्यांपासून तिची कंबर असह्य दुखत होती, कामावर आठ तास उभे राहावे लागत होते आणि तिने एकदाही बसावयास खुर्ची मागितली नव्हती. मी कारण विचारले. ती म्हणाली, "माझ्या आईनं शेतात राबून चार बाळंतपणं काढली. मला खुर्ची मागायची लाज वाटली."

भगिनींनो, या एका वाक्याने मी अस्वस्थ झाले. कारण असेच उत्तर माझ्याही तोंडून आले असते. आपल्या आयांच्या कष्टांचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. परंतु त्यांनी ते दुखणे आनंदाने निवडले नव्हते. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. त्यांच्या निरुपायाला आपण आदर्श मानू लागलो, तर त्यांच्यावर झालेल्या अन्यायालाच आदर्श मानल्यासारखे होईल.

परमपूज्य बाबासाहेबांची भूमिका या बाबतीत अगदी स्पष्ट होती. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात कारखान्यांतील स्त्री-कामगारांना प्रसूतिलाभ देण्याच्या विधेयकावर ते बोलले. प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि तिचा आर्थिक भार शासनाने व तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही उचलला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. पुढील वर्षी, १९२९ साली, मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. स्वतंत्र भारतात १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. खुर्ची मागण्याची लाज वाटणाऱ्या भगिनीने लक्षात ठेवावे की तिच्या विश्रांतीसाठी बाबासाहेबांनी ती जन्मण्यापूर्वीच भर सभागृहात मागणी केली होती.

आपण आज ज्या देशात राहतो तेथे पगारी प्रसूतिरजेबाबत संघराज्याचा कायदा तोकडा आहे. १९९३ च्या कायद्याने १२ आठवड्यांची रजा मिळते. ती बिनपगारी असते आणि तिला अटीही आहेत. परंतु कामावरील सोयींबाबत कायदा आपल्या बाजूने आहे. २७ जून २०२३ पासून अमलात आलेल्या गर्भवती कामगारांविषयीच्या कायद्यानुसार १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने गर्भवती स्त्रीला वाजवी सोयी दिल्या पाहिजेत. त्यांत बसावयास खुर्ची, अधिक वेळा विश्रांती, जड वस्तू उचलण्यापासून सूट यांसारख्या गोष्टी येतात. आपल्या इलिनॉय राज्यात तर १ जानेवारी २०१५ पासून, मालकाकडे एक जरी कर्मचारी असला तरी, गर्भवतीला वाजवी सोयी देण्याचे बंधन आहे. स्त्री येथील नागरिक असो वा व्हिसावर आलेली असो, हे संरक्षण तिला आहे. मागणी लेखी करावी आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी. ती चिठ्ठी देणे हे आम्हा डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय म्हणजे हालचाल. "पोटुशी आहेस, पडून राहा" हा सल्ला जितका चुकीचा, तितकाच "उकिडवी बसून फरशी पूस, म्हणजे बाळंतपण सोपे जाते" हाही सर्वांना सरसकट लागू पडणारा नव्हे. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर आठवड्यातून एकूण १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. चालणे त्यात सर्वांत सोपे. व्यायामाने गर्भारपणातील कंबरदुखी काही अंशी कमी होते, असे ३४ चाचण्यांचा आढावा घेऊन २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने नमूद केले आहे. हिवाळ्यात येथील रस्त्यांवर चालणे धोक्याचे असते. तेव्हा आपल्या गावातील वुडफिल्ड मॉलचा उपयोग करावा. १९७१ पासून उभ्या असलेल्या त्या भव्य इमारतीत खरेदी न करताही चालता येते!

घरी करण्याजोगा एक व्यायाम सांगते. हात आणि गुडघे टेकून, चार पायांवर उभ्या असलेल्या मांजरीप्रमाणे व्हावे. श्वास सोडत पाठ हलकेच वर उचलून गोल करावी, श्वास घेत पुन्हा सरळ करावी. खाली खोलगट होऊ देऊ नये. असे आठ-दहा वेळा करावे. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. पाचव्या महिन्यानंतर फार वेळ उताणे पडू नये. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावे आणि मग हातांच्या आधाराने बसावे. खालची वस्तू उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे. कमरेला कोमट शेक देण्यास हरकत नाही. तो फार गरम नसावा आणि पोटावर देऊ नये.

सांध्यांच्या दुखण्यासाठी कटिभागाभोवती बांधावयाचा पट्टा मिळतो. तो पोटावर नव्हे, तर पोटाखाली, मांडीच्या खुब्यांच्या किंचित वर बांधावयाचा असतो. तो सर्वांनाच उपयोगी पडतो असे नाही, पण काही जणींना चालताना बराच आराम देतो. असा पट्टा मी प्रथम हातात घेतला तेव्हा मला आईच्या लुगड्याची पट्टी आठवली. तिने जे स्वतः शोधून काढले होते, ते आता दुकानात मिळते. दुखणे अधिक असल्यास फिजिकल थेरपिस्टकडे पाठविण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

औषधांबाबत सावध राहावे. भारतातून आणलेल्या गोळ्यांचा डबा आपल्या प्रत्येक घरात असतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या गर्भवतीने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. विसाव्या आठवड्यानंतर त्यांच्यामुळे बाळाच्या मूत्रपिंडांस अपाय होऊन गर्भजल कमी होऊ शकते, असा इशारा येथील औषध प्रशासनाने २०२० साली दिला आहे. तिकडे जे पॅरासिटामॉल म्हणून मिळते तेच इकडे ॲसिटामिनोफेन होय. तेही किती व किती दिवस घ्यावे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आणखी एक गैरसमज दूर करते. "बाळंतपणात मणक्यात इंजेक्शन घेतले तर जन्मभर कंबर दुखते," असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. सुई टोचलेल्या जागी काही दिवस ठणका राहू शकतो. परंतु त्या इंजेक्शनाने दीर्घकाळची कंबरदुखी जडते, याला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. प्रसूतिवेदना कमी करून घ्यावयाच्या की नाहीत, हा त्या स्त्रीचा निर्णय आहे. तो तिने माहितीच्या आधारे घ्यावा, भीतीपोटी नव्हे.

काही लक्षणे मात्र नेहमीच्या कंबरदुखीची नव्हेत. ती दिसल्यास त्याच क्षणी डॉक्टरांशी संपर्क साधावा. कळ थांबून थांबून, ठराविक अंतराने येऊ लागली आणि ३७ आठवडे पुरे झाले नसतील, तर ती अकाली प्रसूतीची सुरुवात असू शकते. रक्तस्राव होणे, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे ही धोक्याची चिन्हे आहेत. एका कुशीत दुखून थंडीताप आला आणि लघवीला जळजळ होत असेल, तर मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग संभवतो. पायातील शक्ती जाणे, बसावयाच्या जागी बधिरता येणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे ही मज्जातंतू दाबले गेल्याची लक्षणे होत. आपण ज्या देशातून आलो तेथे क्षयरोग अद्याप आहे. म्हणून रात्री वाढणारे दुखणे, बारीक ताप आणि वजन घटणे असे एकत्र दिसल्यास मणक्याच्या क्षयाचाही विचार व्हावा, आणि आपण कोठून आलो हे डॉक्टरांना सांगण्यास संकोच करू नये. आणि पडल्यास, पोटाला मार लागल्यास, काही दुखत नसले तरी कळवावे. आर.एच. निगेटिव्ह रक्तगटाच्या स्त्रीला अशा वेळी द्यावयाचे इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यावे लागते.

पडू नये म्हणून काय करावे? लाकडी फरशीवर नुसते मोजे घालून चालू नये. जिन्यावर एक हात कठड्यावरच असावा. त्यासाठी तळघरातून धुतलेल्या कपड्यांची टोपली दुसऱ्या कोणी वर आणावी. बर्फ उपसण्याचे काम तिने मुळीच करू नये. बर्फावर चालताना खोबणीदार तळाचे बूट घालावे, पावले आखूड टाकावी आणि हात खिशाबाहेर ठेवावे. गाडीत आसनपट्टा अवश्य बांधावा : खालचा पट्टा पोटाखाली, मांड्यांच्या वर, तिरका पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने.

आपल्या वंदनेविषयीही सांगितले पाहिजे. पंचांग प्रणाम करताना आणि मांडी घालून दीर्घकाळ बसताना गर्भवती भगिनींना किती त्रास होतो, हे मी पाहिले आहे. त्या उठताना भिंतीचा आधार शोधतात. वंदना ही श्रद्धेने होते. ती खुर्चीवर बसून, हात जोडून केली तरी तिच्यात काही न्यून राहत नाही. यापुढे आपल्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत चार खुर्च्या गर्भवती भगिनींसाठी ठेवाव्यात, अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे. म्हणजे खुर्ची मागण्याची वेळच कोणावर येणार नाही.

शेवटी एक विचार मांडून थांबते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी महामायेची कथा दिली आहे. प्रसूतीचे दिवस जवळ आले तेव्हा तिने माहेरी, देवदहास, जाण्याची इच्छा व्यक्त केली, आणि वाटेत लुंबिनी वनात सिद्धार्थाचा जन्म झाला. राजवाड्यात दासींची वाण नव्हती, तरीही तिला माहेर हवे होते. पुढे लवकरच महामायेचा मृत्यू झाला आणि बाळाला महाप्रजापती गौतमीने वाढविले. त्या काळी कोणी ना कोणी हात पुढे केला.

आपल्या मुलींचे माहेर येथून सुमारे तेरा हजार किलोमीटर दूर आहे. आईला व्हिसा मिळेलच असे नाही. पतीला सुट्टी मिळेलच असे नाही. अशा वेळी तिचे माहेर कोण? माझे उत्तर असे की, ही संस्था तिचे माहेर व्हावी. प्रत्येक गर्भवती भगिनीमागे जवळ राहणाऱ्या दोन कुटुंबांनी नाव नोंदवावे. हिमवर्षाव झाल्यास तिच्या दारापुढील बर्फ काढणे, डॉक्टरांकडे गाडीने नेणे, आठवड्यातून एकदा किराणा आणि कपडे वर नेऊन देणे, आणि "कंबर कशी आहे?" असे विचारणे, एवढेच काम. बंधूंनो, ही नोंदवही मी आज दाराशी ठेवली आहे. ती केवळ महिला मंडळाची आहे असे समजू नका. बर्फ उपसण्यास मला पुरुषांचीच नावे अधिक हवी आहेत!

माझ्या आईला तो प्रश्न विचारावयास मला वीस वर्षे उशीर झाला होता. आपल्या घरातील सुनेला, मुलीला, शेजारणीला तो आज घरी जाताच विचारा. आणि तिने "काही नाही, ठीक आहे" असे म्हटले, तर दुसऱ्यांदा विचारा.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम.